आठ फुटांवरचं चित्र

माझ्या वडिलांना डोळे मिटून सिंहगड दाखवता यायचा. बुधवार पेठेतल्या आमच्या दुकानात त्यांना फिरत्या स्टुलावर बसवायचं, तीन-चार गिरक्या द्यायच्या आणि विचारायचं, गड कुठे? हात वर जाई तो बरोबर गडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याच्या दिशेने. लहानपणी मी हा खेळ शेकडो वेळा खेळले आणि एकदाही त्यांना चकवू शकले नाही. मला त्याचा राग यायचा. मला तसा बऱ्याच गोष्टींचा राग यायचा, अजूनही येतो.

बाबा टीव्हीचे अँटेना बनवायचे आणि लोकांच्या गच्च्यांवर जाऊन बसवायचे. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फटच होती. एका कोपऱ्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या उभ्या, एक करवत, एक ड्रिल, आणि छताला उलटे टांगलेले तयार अँटेना. नळी कापायला त्यांना टेप लागत नसे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत ती हातावर धरायचे, दोन-चार बोटं इकडे-तिकडे करायचे आणि करवत लावायचे. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मी सूत्र मांडून ती लांबी काढली, तेव्हा बाबांच्या नळीत आणि सूत्रात जेमतेम नखभर फरक निघाला. मी मोठ्या तोऱ्यात तो फरक त्यांना सांगितला. ते म्हणाले, "मग तुझ्या सूत्राला सांग, एकदा गच्चीवर येऊन जा म्हणावं."

अँटेना बसवणं हे एकट्याचं काम नव्हतं. बाबा वर गच्चीवर किंवा पत्र्यावर, आणि खाली टीव्हीसमोर कुणीतरी हवं. बाबा खांब धरून अँटेना हळूहळू फिरवत आणि ओरडत, "आलं का?" खालच्या माणसाने चित्राकडे बघून खिडकीतून उत्तर द्यायचं. चित्र नसेल तर पडद्यावर काळेपांढरे ठिपके वळवळत असत, त्यांना सगळं पुणं मुंग्या म्हणायचं. मुंग्या कमी झाल्या, वाढल्या, एका माणसाचे दोन दिसताहेत, आता एकच दिसतोय, असं सगळं वर कळवायचं. घरची मंडळी या कामाला कुचकामी असत. चित्र दिसलं की ती बघतच बसत आणि सांगायचं विसरत. म्हणून मी आठ वर्षांची झाल्यापासून रविवारी बाबा मला बरोबर न्यायला लागले. माझा आवाज खणखणीत होता. आई म्हणायची, पोरीच्या गळ्याचा शेवटी कुठेतरी उपयोग झाला.

"आलं" म्हटलं की वरून एकच शब्द यायचा, "आवळतो." मग पान्याने नट आवळल्याचा आवाज, आणि काम संपलं.

एका रविवारी आम्ही कात्रजच्या अलीकडच्या एका गावात गेलो होतो. आता ते गाव शहरात कुठे विरघळलंय ते शोधावं लागेल, पण तेव्हा तिथे ज्वारी होती आणि घरं टेकडीच्या अगदी पोटाशी होती. टेकडी मध्ये आल्याने गड दिसतच नव्हता. बाबांनी तासभर अँटेना गडाच्या दिशेला इकडेतिकडे करून बघितला. नुसत्या मुंग्या. मग त्यांनी काय केलं तर अँटेना साफ उलटा वळवला, समोरच्या उतारावर नव्याने बांधलेल्या पाण्याच्या टाकीकडे. घरमालक शेतकरी होते, त्यांना वाटलं पुण्याच्या कारागिराचं डोकं फिरलं. ते अंगणातून म्हणाले, "आवं, गड हिकडं हाय." बाबा वरून म्हणाले, "आपल्याला गड दिसत नाही. टाकीला दिसतो. म्हणून टाकीकडे तोंड करायचं."

हे सगळं चालू असताना मी आत टीव्हीसमोर उभी होते आणि स्वयंपाकघरातून पिठल्याला दिलेल्या फोडणीचा वास येत होता. सकाळी चहा-खारीवर निघाले होते. वरून दहाव्यांदा विचारणा झाली, आलं का? मुंग्यांमधून माणसासारखं काहीतरी हललं, आणि मी ओरडले, "आलं." वरून "आवळतो" आलं. नट आवळला गेला.

बाबा खाली आले, त्यांनी पडद्याकडे बघितलं. पडदा मुंग्यांनी भरलेला होता. घरमालकीण बाई भल्या, म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, दिसत्यात की मानसं." बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तसेच परत वर चढले, नट सैल केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अर्ध्या तासाने टाकीवरून आलेलं चित्र खरंच लागलं, इतकं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईंच्या कुड्यांचे मोती मोजता आले असते. मग आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. मला घास गिळवत नव्हता, तरी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

स्वारगेटला येणाऱ्या बसमध्ये मी ओरडा खायची वाट बघत बसले होते. बाबांनी तिकिटं शर्टाच्या खिशात ठेवली. मग म्हणाले, "वरच्या माणसाला काही दिसत नसतं. त्याच्याकडे फक्त तुझा आवाज असतो." बस, एवढंच. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

मग नव्वदचं दशक आलं आणि सगळंच उघडलं. गच्च्यांवर पांढऱ्या छत्र्या उगवल्या, इमारतींवरून इमारतींवर केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या. गडाकडे बघायची कुणाला गरज उरली नाही. आधी लोक जुना अँटेना काढून टाकायलाही बाबांना बोलवत, पुढे तेही बंद झालं. गच्चीवर ते सांगाडे गंजत नसल्यामुळे तसेच उभे राहिले. कुणी त्यावर टॉवेल वाळत घालत, बाकी कावळे बसत. बाबा म्हणायचे, "सरकारने कावळ्यांसाठीही धोरण खुलं केलंय." दुकानात रिमोट, ॲडॉप्टर, पुढे मोबाइलची कव्हरं आली. बाबांनी ती विकली, पण कव्हर विकताना ते गिऱ्हाइकाशी असे बोलायचे की गिऱ्हाईक कव्हर घेतल्याबद्दल माफी मागून जाई.

मी इंजिनिअर झाले तेव्हा वर्गातली निम्मी मुलं अमेरिकेला आणि उरलेली निम्मी हिंजवडीला गेली. मीही हिंजवडीला गेले. तीन वर्षं कंपनीच्या बसमध्ये झोपत गेले आणि झोपत आले. काचेच्या इमारतीत बसून परदेशातल्या कुठल्यातरी टेलिफोन कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम होतं. पगार बाबांनी आयुष्यात बघितला नव्हता एवढा. आणि एका सोमवारी मला तिथल्या कॉफीच्या यंत्रासमोर उभं राहून रडू आलं. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. तीन वर्षांत एकदाही मी कुणाला "आलं" असं म्हटलं नव्हतं, हे एक कारण असावं. मी नोकरी सोडली आणि शहराच्या पश्चिमेकडच्या एका कॉलेजात पीएच.डी.ला नाव घातलं. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. बाबांनी फक्त विचारलं, वायरलेस आहे का? हो म्हटलं. मग ठीक, म्हणाले.

विषय होता टेराहर्ट्झ. रेडिओच्या लहरी आणि उजेड यांच्या मधला हा एक पट्टा आहे, आणि वर्षानुवर्षं त्यात कुणी फारसं शिरलं नव्हतं. रेडिओवाल्यांची यंत्रं तिथपर्यंत पोचेपर्यंत थकायची आणि उजेडवाल्यांची तितकं खाली उतरायला तयार नसायची. पण मोबाइलचे पट्टे भरत चालले होते. इतका मोठा रिकामा रस्ता पडून आहे म्हटल्यावर जगभरच्या प्रयोगशाळा तिकडे धावल्या. त्यातून माहिती जाते ती इतक्या वेगाने, की एक अख्खा सिनेमा डोळ्यांची पापणी लवेपर्यंत पलीकडे.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कारागिराचा प्रश्न विचारला. "नळी केवढी?"

"खसखशीच्या दाण्याएवढी."

त्यांनी चिमटीत तेवढा दाणा धरल्यासारखं करून बघितलं. मग म्हणाले, "आणि जातं कुठपर्यंत?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, सध्या आठ फूट.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. गडापासून पेठेपर्यंतचं चित्र दोन नळ्यांमध्ये पकडणारा माणूस तो. "आठ फुटांवर," ते म्हणाले, "तुझी आई हाक मारते, तेवढ्यात काम होतं. पीएच.डी. लागत नाही."

मी चिडले. मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, की हवेतली पाण्याची वाफ या लहरी पिऊन टाकते, त्यामुळे पुण्याच्या जुलैत जे आठ फूट जातं तेच जानेवारीत जास्त जातं. की त्या निर्माण करणारा तुकडा फार अशक्त असतो, आणि जरा जोर लावला की तापून मरतो. म्हणून सगळा झोत बारीक करून टॉर्चसारखा नेम धरून टाकावा लागतो. आणि नेम धरला तरी मध्ये माणूस आला, कपाट आलं, नुसता हात आला तरी सगळं बंद. भिंतीतून जात नाही, वळत नाही. या एकेका अडचणीवर लोकांच्या हयाती खर्ची पडताहेत. बाबा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, मध्ये कपाट आलं तर टाकी शोध.

आता इथे मला बाबांनी जगाच्या आधी शोध लावला वगैरे सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांकडे, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांकडे धावत गेले आणि परावर्तनाची कल्पना मांडली, तर त्यांनी चष्म्यावरून बघत टेबलावर पाच शोधनिबंध टाकले. सगळं जग तेच करत होतं. भिंतीवर असे हुशार पत्रे लावायचे जे लहरीला हव्या त्या दिशेला वळवतील. पण मी तोच विषय घेतला. सरांना कारण सांगितलं ते वेगळं होतं. खरं कारण, मला ती टाकी आठवली होती.

त्याच सुमाराला बाबांच्या डोळ्यांचं कळलं. एकदा आईने किटली हातात दिली आणि त्यांनी चहा कपाच्या शेजारी, बशीच्याही बाहेर, टेबलावर ओतला, अगदी शांतपणे, शेवटपर्यंत. काचबिंदू होता. किती दिवसांपासून, ते त्यांनाच माहीत. डॉक्टर म्हणाले की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, आणि तीही किती जपली जाईल सांगता येत नाही. घरी येताना रिक्षात बाबा मला म्हणाले, "तुझं ते चित्र एकदा दाखव. आठ फुटांवरचं."

मी म्हटलं, दाखवते. नक्की दाखवते.

आणि इथे मी जे केलं ते लिहायला मला अजून लाज वाटते. मी त्यांना लगेच नेलं असतं तर सरळ रेषेतलं चित्र तेव्हाही येत होतं. अडखळत, मध्येच गोठत, पण येत होतं. मला ते त्यांना दाखवायचं नव्हतं. ज्या माणसाने कुड्यांचे मोती मोजण्याइतकं स्वच्छ चित्र लावलं त्याच्यापुढे मला स्वच्छच चित्र ठेवायचं होतं, तेही कपाटाला वळसा घालून आलेलं. मग एक सुटा भाग विमानतळावर अडकला. मग एक तुकडा जळला आणि तो माझ्याच हातून जळला. मग पावसाळा. मध्ये सरळ रेषेत आम्ही खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पस्तीस फूट गेलो. सर पेढे घेऊन आले होते. पण मध्ये कपाट ठेवून पत्र्यावरून वळवलं की पुन्हा आठ फुटांवर, तेही अडखळत. मी कॉलेजच्या होस्टेलवरून घरी फोनवर सांगायची, अजून थोडं राहिलंय. बाबा एकदा म्हणाले, मुंग्या असल्या तरी चालतील गं. मी म्हटलं, नाही, नीट झाल्यावरच.

त्यात दोन वर्षं गेली. माझ्या लहरी रांगत होत्या आणि त्यांची नजर जायची थांबली नव्हती. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

शेवटी एका शनिवारी सकाळी कपाटाला वळसा घालून स्वच्छ चित्र आलं, आणि मी घरी फोन केला, आजच्या आज रिक्षाने या म्हणून. दुपारी अडीचला दोघं कॉलेजच्या दारात उतरले. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. दाराशी वहीत नाव लिहायचं होतं. आईने त्यांचा हात धरून पेन ओळीवर टेकवलं, आणि बाबांनी न बघता सही केली. सही दोन ओळी चढून तिसरीत गेली. तेव्हा मला कळलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, म्हणजे हो, आता एवढंच. डाव्या डोळ्याला कडेचा थोडा उजेड कळतो, बाकी काही नाही, असं तिने जिन्यात सांगितलं. बाबांनीच सांगू नको म्हटलं होतं. पोरीचं काम होऊ दे, म्हणाले होते.

बाबा कठडा धरून पुढे चालत होते आणि विचारत होते, किती मजले?

प्रयोगशाळेत शनिवारी कुणी नसतं. मांडणी अशी होती की एका टेबलावर कॅमेरा आणि पाठवणारं यंत्र, दुसऱ्या टेबलावर घेणारं यंत्र आणि पडदा, मध्ये लोखंडी कपाट, आणि बाजूला तिसऱ्या टेबलावर ॲल्युमिनियमची प्लेट, जी आमची टाकी. परदेशी स्टँड यायला सहा महिने लागणार होते, म्हणून प्लेट मी बाबांच्या दुकानातल्या नळीवर, दुकानातल्याच क्लॅम्पने बसवली होती. आईला कॅमेऱ्यासमोर बसवलं. ती कपाटामागून म्हणाली, "मी इथेच तर आहे. मला बघायला एवढा खटाटोप कशाला, उठून या की."

बाबांना मी पडद्यापाशी खुर्ची दिली. यंत्र सुरू केलं. पडदा काळा.

पुन्हा केलं. काळा. मी वायरी बघितल्या, मग खाली बघितलं. फरशी ओली होती. शनिवारी दुपारी सफाईवाले फरशी पुसतात, आणि मी खाली दारात थांबले होते तेवढ्यात टेबलं सरकवून त्यांनी ती पुसली होती. मी ते विसरले होते, सांगायला हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसरं टेबल बोटभर सरकलं होतं. खसखशीएवढ्या नळीला बोटभर म्हणजे गाव सोडून जाण्यासारखं.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. चेहरा पडद्याच्या थोडा डावीकडे, उजेडाच्या बाजूला. दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांनी विचारलं, "आलं का?"

खोलीत मीच एकटी होते जिला पडदा दिसत होता. आई कपाटामागे. बाबा असे. आलं म्हटलं असतं तर जगात कुणालाही कळलं नसतं. मी आईचं वर्णनही करू शकले असते, तिची साडी मला माहीत होती. दोन वर्षं मी त्यांना थांबवलं होतं आणि आता त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं. खोटं सांगू नये, पण तो शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता.

मी म्हटलं, "नाही आलं, बाबा."

"मुंग्या?"

"मुंग्या पण नाहीत. आता मुंग्या नसतात. आलं तर पूर्ण येतं, नाहीतर काळं."

"हे वाईट," बाबा म्हणाले. "मुंग्या बघूनच तर कळतं, कुठल्या बाजूला फिरवायचं." ते उठले. "टाकी कुठे आहे? माझा हात लाव तिला."

मी त्यांना तिसऱ्या टेबलापाशी नेलं आणि हात प्लेटच्या मागच्या बाजूला टेकवला. पुढून हात आला की लहर अडते, असं मी सांगायला गेले, तर म्हणाले, आता मला शिकव. त्यांनी बोटांनी नळी चाचपली, क्लॅम्प चाचपला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं. त्यांच्याच हातची नळी होती. त्यांनी शर्टाच्या खिशातून पाना काढला. दहा-अकराचा तो पाना वीस वर्षं काही कामाचा नव्हता, तरी त्यांच्या खिशात असायचाच. नट सैल केला. दोन्ही बाजूंनी कडा बोटांत धरल्या आणि मला म्हणाले, "तू खाली जा."

खाली म्हणजे पडद्यापाशी. आठ फुटांवर.

"आलं का?"

"नाही."

त्यांनी प्लेट जरा वळवली. वळवली म्हणजे काय, बघणाऱ्याला हललेलीही कळली नसती. "आता?"

"नाही."

"आता?"

"नाही, बाबा."

असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. ते घाई करत नव्हते. एका टोकापासून सुरू करून ओळीने जात होते, नजर नसताना वाचावं तसे. आई कपाटामागून विचारत होती की मी उठू का, आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, बसून राहा.

आणि चित्र आलं. अचानक, पूर्ण, एकाही डागाशिवाय. आई. तिची जांभळी साडी, चष्मा, कपाळाला आलेला घाम. ती कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघत होती, प्लेटमागे बाबा होते तिकडे, आणि तिला कुणी बघत नाहीये असं वाटून तिने डोळे पुसले.

मी बघतच राहिले आणि सांगायचं विसरले. बाबांनी क्षणभर वाट बघितली, उत्तर नाही म्हटल्यावर प्लेट आणखी केसभर वळवली, आणि पडदा पुन्हा काळा झाला.

"आलं होतं," मी कसंबसं म्हटलं. "आलं होतं आणि गेलं."

बाबा प्लेट धरून तसेच उभे राहिले. रागावले नाहीत. "आलं की बोलायचं असतं, बाळा," ते म्हणाले. "मला इथून कसं कळणार?"

त्यांनी मागे वळवायला सुरुवात केली. मी डोळे कोरडे केले, दोन्ही पाय घट्ट रोवून पडद्यासमोर उभी राहिले, आणि या वेळी चित्र येताच इतक्या मोठ्याने ओरडले की आई दचकून खुर्चीत उडाली. ती उडालेली पडद्यावरही दिसली.

"आलं."

बाबांची बोटं जागच्या जागी थांबली. त्यांनी विचारलं, स्वच्छ आहे का? मी म्हटलं, कुड्यांचे मोती मोजता येतील. मग त्यांनी विचारलं, ती काय करतेय?

"पदर सारखा करतेय. आणि तुमच्याकडे बघतेय."

"मला माहितीये ती कशी बघते," बाबा म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात प्लेटवर होते. एक जरी काढला असता तरी चित्र गेलं असतं. पाना टेबलाच्या कडेला होता. त्यांनी हनुवटीने अंदाजाने तिकडे खूण केली आणि म्हणाले, "मी धरलंय. तू आवळ."

मी जाऊन नट आवळला. तो नट आजपर्यंत कुणी सैल केलेला नाही.